आधी टेकड्या, मग नदी

प्रिय मित्रा,

मेसेज वाचला तुझा. नदीकाठ आणि टेकड्या असा गोल फेरा ठरवलायस हे फार भारी केलंस, पण सुरुवात नदीकडून करतोयस ना, ते उलटं कर बाबा. आधी टेकड्या, येताना नदी.

कसंय, रात्रभरात थंड हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि नदीच्या खोऱ्यात साठते, म्हणून सकाळी धुकं नदीवर आणि काठचं गवत दवाने चिंब, पाचच मिनिटात सॉक्स ओले, मग दिवसभर पायाला फोड यायची धास्ती. त्याच वेळी वर टेकडीवर बऱ्याचदा छान कोवळं ऊन असतं, चढायला बेस्ट. सुरुवात फक्त अगदी सावकाश कर, पोटऱ्या गरम होईपर्यंत घाई नको.

आणि माणूस वाट चुकतो ती वरच, जिथे ढोरवाटा दहा दिशांना फुटतात आणि सगळ्या सारख्याच दिसतात. तिथे डोकं ताजं पाहिजे. थकल्यावर नदी बरी, पाणी एकाच हाताला ठेवून चालत राहायचं, फोनची बॅटरी संपली तरी चालतंय. शिवाय धुकं विरलं की माथ्यावरून नदीचं एकेक वळण दिसतं, वरच्या अंगाला पाऊस होऊन खालची वाट पाण्याखाली गेली असेल तर तेही तिथूनच कळतं आणि आल्या वाटेने परत फिरता येतं.

वेळेचा हिशोब मी नेस्मिथच्या नियमाने करतो. विल्यम नेस्मिथ हा स्कॉटिश गिर्यारोहक, १८९२ मधला त्याचा नियम आहे, साधारण ताशी ५ किमी धरायचे आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास वाढवायचा. म्हणजे १२ किमीचा फेरा आणि ३०० मीटर चढाई असेल तर जवळजवळ तीन तास, बसणं, फोटो, खाणं वेगळं. टेकड्या बुटक्या आहेत म्हणून चढाई कमी धरू नकोस हां, ५० मीटरचे सहा चढ केलेस की झाले ३००, सगळ्यात उंच माथा भले १०० चाच असो.

उतरायच्या आधी बूट परत बांध. टाच मागे दाबून बसव आणि घोट्याजवळची लेस घट्ट ओढ, नाहीतर प्रत्येक पावलाला बोटं पुढे आपटतात. उतारावर मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना दुखतं ते त्यामुळेच. घसारा, म्हणजे पाय घसरेल अशी सुटी माती-खडी, लागला तर छोटी पावलं टाक आणि वजन पायावरच ठेव, मागे रेलू नकोस.

मग नदी. वळणावर थांबच थोडा वेळ, मला तर पूर्ण फेऱ्यात हीच जागा सगळ्यात आवडते. बाहेरच्या अंगाला पाणी जोरात येतं आणि काठ खालून कापत जातं, माती उभी तुटलेली, झाडांची मुळं हवेत लोंबतायत, आणि समोर आतल्या बाजूला तेच पाणी मंदावून वाळू, गाळ टाकत बसलेलं. म्हणजे नदी आपल्यासमोर हळूहळू सरकत असते रे! फक्त त्या तुटक्या कडेवर जाऊ नकोस, काठाला समांतर भेग दिसली की दोन पावलं मागेच राहा, खाली बहुतेक पोकळ असतं.

तारीख कळव, आणि मॅपचा स्क्रीनशॉट पाठव, चढाई किती होते ते आपण मिळून मोजू.

तुझाच,
दोस्त