मनूस, माहिती अधिकाराच्या अर्जावरच्या पत्त्याबद्दल

मनू,

फोनवर बोलायला लागलं की आपलं दोन मिनिटांत वाजतं आणि पप्पा शेजारी बसून मला खुणा करत राहतात, म्हणून टाइप करतेय. निवांत असशील तेव्हा वाच. मीटिंगमधे उघडू नकोस.

पूजाने मला सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस, तिच्या पोटात काही राहत नाही हे तुला चांगलं माहितीये, तरी तू तिलाच सांगितलंस. दोन माणसं बाइकवरून रूमवर आली, तू नव्हतीस, काकूंनी दार उघडलं आणि त्यातल्या एकाच्या हातात तुझ्या अर्जाची झेरॉक्स होती. मॅडम इथेच राहतात का, एवढं विचारून जिना उतरून गेले. तू पूजाला म्हणालीस "एवढंच तर झालं". त्यांनी शिव्या दिल्या असत्या, आरडाओरडा केला असता तर मी समजले असते की चिडलेली माणसं आहेत, तमाशा करून जातील. ही तर पत्ता बरोबर आहे ना ते बघून गेली. हे एवढंच आहे का?

पूजाने काकूंना विचारून घेतलं, त्या झेरॉक्सवर गोल शिक्का होता आणि शिक्क्यात पेनाने नंबर घातलेला. म्हणजे आवक नंबर पडल्यानंतरची झेरॉक्स आहे ती. तुझ्याकडून कुठे गहाळ झालेली नाही, टेबलावरून गेलीय. मी नोकरीची निम्मी वर्षं आवक-जावकला काढलीत, मला कोणी शिकवू नये. अर्ज आला की शिक्का, रजिस्टरला नोंद, मग साहेबांच्या ट्रेमधे, तिथून संबंधित टेबलाला, आणि मधे शिपाई झेरॉक्सला खाली जातो तेव्हा एकाच्या दोन प्रती काढायला त्याला कितीसा वेळ लागतो. आमच्या एवढ्याशा नगरपालिकेत संध्याकाळपर्यंत ठेकेदाराला कळायचं कोणी काय मागितलंय ते. तुमच्या मुंबईत तर काय बोलायलाच नको.

म्हणून सांगते, अर्जावर राहत्या घरचा पत्ता घालू नकोस. पोस्ट बॉक्स घे. कायद्यात, कलम 6(2) मधे, संपर्कापुरता लागेल तेवढाच तपशील मागता येतो असंच आहे. 2013 साली कलकत्ता हायकोर्टाने पोस्ट बॉक्स नंबर दिला तरी चालेल असं सांगितलंय आणि केंद्र सरकारने 2014 ला त्याचं पत्रकही काढलं. पत्रकाची प्रत मी सुहासला शोधायला लावली, तो पाठवेल. जोडपत्र अ मधे, म्हणजे अर्जाच्या छापील नमुन्यात, पत्त्याचा रकाना आहे म्हणून काय तो सगळा खरडून भरायलाच हवा असं नाही.

आता तू म्हणशील आईचं सुरू झालं. मी ठरवलं होतं हे एकदाच लिहायचं आणि पुढे जायचं. बघू.

तुझा अर्ज मी वाचला, तू ग्रुपवर टाकला होतास तो. एक खरं सांगू का, पहिला भाग वाचून कुणाच्या अंगावर काटा येणार नाही. नळजोडणीचे किती अर्ज प्रलंबित, किती नाकारले, कारण काय, यावर इंजिनियर वैतागेल, पण तो वैतागून घरीच जातो. तू खाली टँकरच्या फेऱ्यांचं लॉगबुक मागितलंस ना, तिथे खरी मेख आहे. गाडी किती वाजता भरली, कुठे रिकामी केली, सही कुणाची, किती फेऱ्या कागदावर आणि किती गल्लीत. नळ आला तर टँकर बंद, टँकर बंद तर हंड्यामागे पैसे बंद. ती दोन माणसं त्या लॉगबुकासाठी आली होती, नळासाठी नाही. हे तुलाही कळलंय, म्हणून तर तू मला सांगितलं नाहीस.

मला तळेगावचे सतीश शेट्टी आठवतात. तू तेव्हा शाळेत होतीस. माहिती अधिकारात जमिनींची प्रकरणं बाहेर काढायचे, पोलीस संरक्षण मागितलं होतं त्यांनी, आणि 13 जानेवारी 2010 ला सकाळी फिरायला गेले असताना मारलं त्यांना. पप्पांच्या आत्या तेव्हा तळेगावलाच, त्यांचा फोन आला होता, आणि त्या दिवशी आमच्या ऑफिसात कुणी कुणाशी धड बोललं नाही. आणि ज्यांनी घोटाळे उघड करायचे त्यांना संरक्षण देणारा कायदा 2014 ला संसदेत पास झाला तो अजून लागूच केलेला नाही. कायदा केला, छापला आणि ठेवून दिला! मग मी काय समजायचं?

बरं, आता जरा कडक बोलते. हिंजवडीची नोकरी सोडलीस तेव्हा मी एका शब्दाने बोलले नाही. पप्पा आठवडाभर जेवताना मान वर करत नव्हते तरी मी बोलले नाही. टाटा इन्स्टिट्यूटला लागलीस, सोशल वर्कमधे एमए केलंस, मी सगळ्यांना सांगत सुटले, विट्याच्या लोकांनासुद्धा, जिथे सांगायचं कारण नव्हतं. पण पोलिसांची ती ताकीद देणारी नोटीस, आधी कलम 149 ची म्हणायचे आता 168 ची म्हणतात, ती तू घडी घालून पर्समधे ठेवलीस आणि वर हसून म्हणालीस की आमच्यात सगळ्यांकडे आहे. हसण्यासारखं काय आहे त्यात? उद्या मोर्चात गर्दी केली म्हणून गुन्हा दाखल झाला की पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला अडकतं, पुढे नोकरी बदलायची म्हटली तरी अडकतं, ज्यांच्यासाठी करतेस ते त्या वेळी कुठे असतील, आणि तुझं वय काय आता, घर नाही दार नाही, महिन्याला मिळतात ते पैसे रूमच्या भाड्यात जातात, आणि

नाही. हे खोडणार होते पण राहू दे. असं बोलायचं नव्हतं मला. सॉरी. ज्यांच्यासाठी करतेस ते कुठे असतील हे तर अजिबात बोलायला नको होतं, त्या वस्तीतल्या लक्ष्मीअक्का तुझ्या तापात दोन रात्री उशाशी बसल्या होत्या ते मला माहितीये.

तुला मी गोरेगावचं सांगितलंय की नाही आठवत नाही. चाळीत खाली एक नळ, पाणी पहाटे, आणि आजीचा नंबर कायम चौथा कारण पुढच्या तिघी जिन्याजवळच्या. मृणालताई गोऱ्यांना अख्खं गोरेगाव पाणीवाली बाई म्हणायचं ते उगाच नाही, पाण्यासाठी त्या बायकांना घेऊन ऑफिसात जाऊन बसायच्या, साहेब भेटत नाहीत तोवर उठायच्या नाहीत. 77 ला त्या खासदार झाल्या आणि इंदिराबाई पडल्या तेव्हा पोरं गल्लीत ओरडत फिरत होती, पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात. आम्हीही ओरडलो, अर्थ निम्मा कळला असेल. त्याच्या आधी महागाईच्या वेळी, मी लहान होते, आजी लाटणं आणि थाळी घेऊन मोर्चाला गेली. आजोबांना न विचारता. आजीने! जिने आयुष्यात दुकानदाराला भाव कमी कर म्हणून सांगितलं नाही. संध्याकाळी आली तर आवाज बसलेला आणि थाळी बडवून बडवून लाटण्याला टोकापाशी खाच पडलेली. दुसरं लाटणं आणायला पैसे कुठले, मग कितीतरी दिवस आमच्या प्रत्येक पोळीवर त्या खाचेची एक रेघ उठायची. आजोबा ती रेघ बघायचे आणि गप जेवायचे. मला त्या रेघेचा भयंकर अभिमान वाटायचा, शाळेत डबा मुद्दाम उघडा ठेवायचे.

पण आजी हजारो बायकांमधे होती गं. तिचं नाव आणि खोली नंबर लिहिलेला कागद कुणाच्या ट्रेमधे पडलेला नव्हता.

तू मागे म्हणालीस की बिल्डिंगला माणशी 135 लिटर आणि झोपडीला 45 लिटर हा हिशोबच मुळात धरलेला आहे, आणि तेवढंही पोचत नाही. मी ते पप्पांना सांगितलं, ते आधी म्हणाले अनधिकृत आहे तर कसं देणार. मग मी त्यांना हायकोर्टाचा डिसेंबर 2014 चा निकाल सांगितला, 2000 नंतरच्या झोपड्यांनाही पाणी नाकारता येत नाही, पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, झोपडी अनधिकृत असली तरी आत राहणारा माणूस पाणी पितोच. पाणी हक्क समितीची केस होती ना ती? पप्पा काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी जोशीकाकांशी तेच मुद्दे घेऊन भांडत होते, माझंच वाक्य, जसंच्या तसं. 2022 ला सर्वांसाठी पाणी असं धोरण आलं तेव्हा तू पेढे घेऊन आली होतीस, आठवतं? आणि नळ अजून नाही. मधे जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, कुणाच्या दारात हंडा नेऊन ठेवायचा हाच प्रश्न. मग अर्ज करायचे नाहीत तर काय करायचं, हे मलाही कळतं. मी तुला सोड म्हणत नाहीये. मी फक्त पत्ता घालू नकोस म्हणतेय.

मला वाटलं होतं सुचवावं की एकटीच्या नावाने नको, वस्तीतल्या बायकांनी एकेक अर्ज करावा, वेगवेगळ्या नावांनी, मग कुणाकुणाच्या दारात जातील. लिहिलंही होतं. मग मनात आलं तुझ्याकडे निदान जिना आहे, दाराला लॅच आहे, काकू आहेत. त्यांच्याकडे पत्र्याचं दार, आणि पाणी रात्री तीनला येतं म्हणून त्या बाहेरच बसलेल्या. तरीही मला वाटतंच की तुझं नाव नको. आई आहे मी, याला इलाज नाही. तुम्ही बसून ठरवा, पण त्यांना आधी सगळं सांगून, झेरॉक्सचंसुद्धा.

पोलिसात गेलीस का? तोंडी सांगून येऊ नकोस. लेखी दे, दोन प्रती ने, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घे. ते नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र म्हणून नोंद करतील, करू देत, पण कागद झाला पाहिजे. त्यात झेरॉक्सवर आवक नंबर होता हे काकूंच्या नावाने लिही, त्या सही करतील का विचार. आणि काही दिवस रात्रीची वस्तीवरून एकटी निघू नकोस, कुणीतरी रिक्षापर्यंत यायला हवं. हे मी फोनवर म्हटलं की तू हो हो म्हणतेस.

उत्तर काय आलं ते पण पाहिलं, माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. हे येणारच होतं. एकतर आपल्याकडे 2012 पासून एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द, तू नळ आणि टँकर एकत्र घातलंस, त्यांना आयतं कोलीत मिळालं. दुसरं म्हणजे किती फेऱ्या झाल्या असं विचारायचंच नाही. प्रश्न विचारला की मोजून द्यायला आम्ही बांधील नाही असं म्हणता येतं. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या लॉगबुकाच्या छायांकित प्रती द्या असं लिही, पानाला दोन रुपये भर आणि मोज तुम्ही बसून. लॉगबुक तर लिहिलेलंच असतं, ते नाही म्हणता येत नाही. आणि प्रती देण्याआधी अभिलेख पाहायला या असं बोलावलं तर एकटी जाऊ नकोस, पानांवर नंबर घातलेत का बघ, मधलं पान फाडलं असेल तर शिलाईत तुकडा राहतो. शिवाय सोमवारी 3 ते 5 अर्ज न करता फाइली बघता येतात, 2018 चा जीआर आहे, त्यात पत्त्याचा कागद तरी मागे राहत नाही. तिथल्या रजिस्टरला नाव लिहायला लावत असतील तर मात्र तेच झालं.

माहिती आयोगाकडे जायची वेळ आली तर वर्षं जातील हे धरून चाल, तिथे लाखाच्या घरात अपिलं तुंबल्याचं पेपरात आलं होतं. म्हणून पहिलं अपीलच नीट लिहायचं. तीस दिवसांच्या आत कर, रविवार-सुट्टी धरून बसू नकोस. कच्चं लिहिलंस की मला पाठव, मी बघते, ऑफिसची भाषा मला येते. पप्पांची शुगर परवा चेक केली, ठीक आहे, त्यांना बाइकवाल्यांचं सांगितलेलं नाही आणि तूही बोलू नकोस. पुढच्या आठवड्यात मिरजेहून महालक्ष्मीने येतेय, चिवडा आणि तुझी ती जुनी शाल घेऊन. नको म्हणू नकोस, तिकीट काढलंय. दादरला उतरू की कल्याणला ते कळव.

जोडपत्र ब ला, म्हणजे पहिल्या अपिलाच्या नमुन्याला, वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दहाचा लावशील. आणि पत्त्याच्या रकान्यात पोस्ट बॉक्स.

आई