मुलाखतीआधी बाबांच्या इंग्रजीसाठी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली हे वाचून फार बरं वाटलं. बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत मराठीतूनही बोलता येतं, तेव्हा आईने खुशाल मराठीत बोलावं. पण बाबा, तुम्हाला इंग्रजीतच उत्तरं द्यायची आहेत, आणि मला ते मनापासून आवडलं.

त्यासाठी सगळं व्याकरण काढून बसू नका. साधा वर्तमानकाळ तेवढा पक्का करा, बरेचसे प्रश्न त्यातच येतात. 'व्हेअर डू यू लिव्ह?', 'व्हॉट डझ युअर डॉटर डू?', 'हाऊ लाँग डू यू प्लॅन टू स्टे?'

आपल्याकडे बोलताना जिथे-तिथे 'इंग' लागतो. 'वी आर स्टेइंग इन सातारा', 'आय ॲम हॅविंग बीपी'. आपसांत ते चालून जातं. पण अमेरिकन कानाला 'आर स्टेइंग' म्हणजे तात्पुरता मुक्काम. आणि टूरिस्ट व्हिसा देताना त्यांना नेमकं हेच बघायचं असतं, की ह्यांचं घरदार कुठे आहे, हे परत जाणार का. ते पटवून द्यायची जबाबदारी कायद्याने आपल्यावरच टाकली आहे. एका 'इंग'पायी कोणी व्हिसा नाकारत नाही, ती काळजी नको. पण 'वी लिव्ह इन सातारा' असं ठणठणीत सांगा. 'लिव्ह' साताऱ्यासाठी, 'स्टे' माझ्याकडच्या तीन महिन्यांसाठी. तसंच 'आय हॅव अ पेन्शन', 'वी हॅव अ हाउस अँड सम लँड'. हॅव, नो, वॉन्ट ह्यांना अशा वाक्यांत 'इंग' लावायचाच नाही.

दुसरी गोष्ट 'एस'ची. 'व्हेअर डझ शी वर्क?' ह्या प्रश्नात 'एस' त्या 'डझ'नेच घेतलेला असतो, म्हणून पुढे नुसतं 'वर्क' ऐकू येतं आणि उत्तरातही तेच तोंडून निघतं. उत्तरात 'डझ' नाही, म्हणून 'एस' परत क्रियापदाला: 'शी वर्क्स इन अ हॉस्पिटल.' नकार आला की पुन्हा 'डझन्ट': 'शी डझन्ट लिव्ह अलोन.' हे मोठ्याने म्हणून बघा बाबा, नुसतं वाचून जिभेवर बसत नाही.

'व्हॉट डू यू डू?' म्हणजे आत्ता काय करताय असं नव्हे, कामधंदा विचारतात. तुम्ही 'आय ॲम रिटायर्ड' म्हणा, पुरे. आणि आई, तुला विचारलं तर 'काही नाही, घरीच असते' असं अजिबात म्हणू नकोस. घर आणि शेत तूच बघतेस, पेरणीपासून मजुरांच्या हिशेबापर्यंत. तेच सांग, मराठीत.

पासपोर्ट आणि डीएस-१६० चं, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन अर्जाचं, कन्फर्मेशनचं पान एकत्र ठेवा. मोबाइल आत नेऊ देत नाहीत. रविवारी तुमच्या सकाळी फोन करते, मी प्रश्न विचारीन, बाबांनी उत्तरं द्यायची.

तुमची,
लेक