हनुवटीवरचे चौकोनी डाग

महोदय,

मी सांगलीत प्राथमिक शिक्षिका आहे. पीसीओडीमुळे (हार्मोन्स बिघडवणारा बीजकोशांचा विकार) हनुवटीवर राठ केस यायचे, दर आठवड्याला थ्रेडिंग ठरलेलं. एके रविवारी आपल्याच अंकात घातलेलं पत्रक हाती पडलं (ते विक्रेते घालतात, ठाऊक आहे): ‘लेसरनं केस काढा, ६ सिटिंग, साइड इफेक्ट नाहीत.’ गेले एका पार्लरमध्ये. तिथल्या मुलीनं माझा सावळा रंग पाहूनही काही विचारलं नाही, पाळीचंही नाही. एप्रिलचं ऊन, आणि मी रोज स्कूटीवर.

दुसऱ्या सिटिंगच्या संध्याकाळी जबड्यावर मसुरीएवढे फोड आले. खपल्या पडल्या आणि खाली काळे चौकोन उरले, मशीनच्या टोकाच्या मापाचे. तक्रार केली तर म्हणे, कोरफड लावा.

पुढे त्वचारोगतज्ज्ञांकडे कळलं, की लेसर केसातल्या मेलॅनिनला, म्हणजे काळ्या रंगद्रव्याला, तापवतो; सावळ्या कातडीतही तेच भरपूर, म्हणून ती भाजते. आपल्या वर्णाला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर त्यातल्या त्यात सुरक्षित, तोही आधी छोट्या जागी चाचणी घेऊन. जबड्यावर, मानेवर कधीकधी लेसरनं उलट केस वाढतात, हे तर मी प्रथमच ऐकलं. आणि हार्मोन्सचं काही केलं नाही तर नवे केस येतच राहतात.

चार महिने झाले. सनस्क्रीन, रात्री मलम. डाग फिकटलेत, गेलेले नाहीत. दुसरीतल्या एका पोरीनं विचारलं, ‘बाई, शाई लागलीय का?’

पत्रकावर मशीन कुठलं आणि चालवणार कोण, एवढं तरी छापायची सक्ती व्हावी.

– एक शिक्षिका, सांगली