कुलूप म्हणजे रिकामी खोली नव्हे

संपादक महोदय,

मुंबई शहर जिल्ह्यात, म्हणजे उपनगरं सोडून, जनगणनेनुसार २००१ साली ३३ लाख ३८ हजार माणसं होती, २०११ मध्ये ३० लाख ८५ हजार. हे आकडे वाचून 'शहरातली गर्दी ओसरली' म्हणणाऱ्यांनी संध्याकाळी सहाला गिरगावातल्या ठाकूरद्वारच्या नाक्यावर रस्ता ओलांडून दाखवावा! दिवसाची गर्दी वाढली आहे. कमी झाली आहेत ती रात्री इथे झोपणारी माणसं.

१९९१ च्या जनगणनेत मी प्रगणक, म्हणजे घरोघर जाऊन माणसं मोजणारी, होते. महापालिका शाळेतली शिक्षिका, आणि वाट्याला आल्या गिरगावातल्या, म्हणजे घरच्याच चाळी. प्रशिक्षणात एक गोष्ट घोटून घेतली होती : एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. आमच्याच मजल्यावर दहा बाय बाराच्या खोलीत नऊ माणसं होती. मी एक कुटुंब लिहायला घेतलं, तर धाकट्या सुनेनं पडदा सारून आपला स्टोव्ह दाखवला. "बाई, आमचं वेगळं लिहा." सासूबाई भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत राहिल्या. मी वेगळं लिहिलं. पुरुषमंडळी गॅलरीत वळकट्या टाकून झोपत, त्यामुळे रात्री नळावर जायचं तर पाय ठेवायला जागा शोधावी लागे.

आज त्या मजल्यावर अकरा खोल्यांपैकी पाचच उघड्या असतात. स्टोव्हवाली सून विरारला आहे, थोरले डोंबिवलीला. खोली सोडलेली नाही. पागडीची, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे मोजून भाड्यानं घेतलेली, खोली कोण सोडेल? चाळ पाडून नवी बांधली तर तिथे घर मिळणार. महिन्याकाठी कोणीतरी येतं, भाडं भरतं, खोली झाडतं, जातं. गणपतीत मात्र दहा दिवस पुन्हा चपलांचा ढीग.

कोपऱ्यातली खोली इमिटेशन दागिन्यांच्या मालानं भरलेली आहे. दिवसा बाहेरून कुलूप. रात्री दुकानातली चार मुलं तिथेच गॅसवर खिचडी लावतात आणि खोक्यांच्या मधे झोपतात. एक चूल, म्हणजे नियमानं तेही एक कुटुंब. पण सकाळी अकराला येणाऱ्या प्रगणकाला ती दिसणार कशी? तो 'गोदाम' लिहून पुढे जाणार.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख, म्हणजे ज्या दिवशीची लोकसंख्या धरायची तो दिवस, ठरली आहे आणि माहिती मोबाइलवर भरायची आहे. आम्ही कागदावर खाडाखोड करत होतो, त्यापेक्षा बरंच. माझी विनंती एवढीच, की आमच्यासारख्या वाड्यांत येणाऱ्या शिक्षकांना एक फेरी रात्री नऊनंतर मारायला सांगावं आणि त्या वेळेचा भत्ताही द्यावा. आम्हाला मिळालेल्या मानधनात चपला झिजल्याचाही खर्च निघाला नव्हता.

– एक निवृत्त शिक्षिका, गिरगाव, मुंबई