सूचना: पहिला अल्बम अपलोड करण्याआधी

सदस्यहो, स्वतःच्या बळावर पहिला इन्स्ट्रुमेंटल हिप हॉप अल्बम काढणाऱ्यांना पुन्हा आठवण. सॅम्पल (दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगमधून उचललेला तुकडा) दोनच सेकंदांचं असलं तरी परवानगी सहसा दोघांची लागते: मूळ रेकॉर्डिंगच्या मालकाची आणि रचनेच्या हक्कधारकाची. 'एवढासा तुकडा चालतो' यावर विसंबू नका. अल्बम उतरवावा लागला की सगळी मेहनत पाण्यात. प्रत्येक ट्रॅकला वेगळा आयएसआरसी कोड (रेकॉर्डिंगचा आंतरराष्ट्रीय ओळख-कोड) घ्या. मास्टर, म्हणजे ट्रॅकची अंतिम फाइल, २४ बिट वेव्हमध्ये (WAV) जपून ठेवा, एमपीथ्री नको.

आणि हो, १९८७ च्या एसपी-१२०० या सॅम्पलर यंत्रामध्ये जेमतेम दहा सेकंदांचं सॅम्पलिंग मावायचं, तरी लोकांनी त्यावर अख्खे अल्बम उभे केले. तेव्हा प्लगइन (संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायची साधनं) पुरत नाहीत, ही रड गटात नको. गायक नाही, म्हणून तोच लूप तीन मिनिटं फिरवत ठेवू नका. ड्रम बदला, मध्येच बास काढून घ्या.