गाठ वरच्या टोकाला

तात्या,

सप्रेम नमस्कार. फोनवर आभार मानायला गेलं की माझा घसा दाटतो आणि तुम्ही "ठेवतो ताई, फवारणी चालूये" म्हणून मोकळे होता. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते.

तुम्ही दिलेल्या पाचपैकी तीन काड्या फुटल्या! पुण्यात, गच्चीवर, अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये भोकरी, ती जुनी बियांची द्राक्षं, फुटली.

तुमच्याकडे येण्याआधी मी कुठे कुठे गेले होते, ते तुम्हाला बोलले नाही. एका रोपवाटिकेत "बियांची द्राक्षं आता कोण खातं, मॅडम?" म्हणून हसले. एका कचेरीत तीन टेबलं फिरवून पुन्हा पहिल्या टेबलाशी आणून सोडलं. एका वायनरीत भिंतभर जुन्या बागांचे फोटो होते. त्यातला एखादा वेल जिवंत आहे का, विचारलं तर टेस्टिंगचं तिकीट पुढे केलं. आणि घरचे? आजोबांच्या बागेच्या जागी आता गोडाऊन आहे, एवढंच लिहिते. नाहीतर दिवाळीला वाद.

ओझरला १९२५ साली जयराम कृष्ण गायकवाडांनी द्राक्षं लावली, त्यांचं बघून आपण लावली, असं आजोबा सांगायचे. मग अनाबेशाही आली, मागून बिनबियांची थॉम्पसन आली आणि भोकरी, फकडी, साहेबी ही नावं म्हाताऱ्यांच्या बोलण्यातच उरली. आई एक्याऐंशीची आहे. सकाळी काय खाल्लं ते विसरते, पण भावंडांत बिया लांब थुंकायची शर्यत कोण जिंकायचं ते तिला पक्कं आठवतं. तिच्यासाठीच ही सगळी वणवण होती.

तुमची एक्स्पोर्टची बाग वाय आकाराच्या लोखंडी अँगलवर, ठिबकवर, डॉगरिजच्या खुंटावर कलम केलेली. आणि विहिरीच्या कडेला ती एकच ओळ, तुमच्या आजोबांनी लावलेली, पांगाऱ्याच्या झाडांच्या जिवंत खुंटांवर चढवलेली. डाऊनी रोगाचं औषध तिलाही तेवढंच लागतं, माल मात्र व्यापारी घेत नाही. परवडतं कसं, विचारलं तर तुम्ही म्हणालात, "ती ओळ हिशेबात धरतच नाही."

ऐन गोडी छाटणीचे, म्हणजे फळासाठी वेल छाटण्याचे दिवस, पेठ-सुरगाण्याहून आलेली मजुरांची टोळी खोळंबलेली, वर आभाळ भरून आलेलं. तरी तुम्ही कात्री घेऊन उठलात. चार-चार डोळ्यांच्या, पेन्सिलीएवढ्या जाड पाच काड्या काढल्यात. गोणपाट भिजवून गुंडाळणार, तोच तुमची नजर माझ्या हातांवर गेली. नेलपॉलिश लावलेले हात, दुसरं काय! तुम्ही काही न बोलता खिशातून लाल दोरा काढलात आणि प्रत्येक काडीच्या शेंड्याकडच्या टोकाला एकेक गाठ मारलीत. "गाठ आभाळाकडे ठेवा, ताई." बस्स.

मी त्या काड्या उलट्या लावल्या असत्या, तात्या. कोणतं टोक मातीत जातं, ते मला ठाऊकच नव्हतं. बागायतदाराच्या नातीला एवढंही कळत नाही, हे हसून चारचौघांत म्हणायची आयती संधी तुमच्यापाशी होती. मदत करणारे पुष्कळ भेटतात; मदत करताना समोरच्याचं अज्ञान झाकणारे किती? माझ्या ऑफिसात तर एक फाईल शोधून देणारा माणूस आठवडाभर ते ऐकवतो. तुम्ही पैसेही घेतले नाहीत, उलट काकूंनी डब्यात भाकरी-ठेचा बांधून दिला.

पहिलं पान हाताएवढं झालं तेव्हा आईची खुर्ची ड्रमजवळ नेली. तिनं पान उलटं करून मागची बाजू अंगठ्यानं चोळली आणि म्हणाली, "भुरी नाहीये." भुरी म्हणजे द्राक्षावरचा रोग. सत्तर वर्षांनी! मग विचारलं, "बिया आहेत ना हिला?"

दोरे मी अजून काढलेले नाहीत. काकूंचा डबाही माझ्याकडेच आहे, तो द्यायला यायचं निमित्त म्हणून जपून ठेवलाय. तेवढं एक कळवा: येत्या एप्रिलात खरड छाटणी करायची, की पहिल्या वर्षी कात्री लावायचीच नाही? आई म्हणते लाव, पण मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.

तुमची,
गच्चीवरची बागायतदारीण