देणाऱ्यांसाठी एक दार हवे : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना नागपूरहून खुले पत्र

माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस

सादर नमस्कार.

हिवाळी अधिवेशनाच्या निमित्ताने आपले नागपुरात येणे होते आणि त्या दिवसांत इथली नाटक-संगीतवाली मंडळी निवेदने घेऊन आपल्या दारी रांग लावतात. त्या निवेदनांत बहुधा अनुदान वाढवून मागितलेले असते. मी अनुदान मागत नाही. ज्यांना आपल्या कमाईतून शहराच्या रंगमंचासाठी काही द्यायचे आहे, त्यांना ते रीतसर देता यावे एवढीच व्यवस्था मागते आहे. आणि ती कशी असावी हे सांगण्यासाठी लॉस एंजेलिस शहरातील एका बाईंचे चरित्र जरा विस्ताराने मांडते आहे.

डोरोथी बफम चँडलर यांचा जन्म १९०१ सालचा. माहेर व्यापाऱ्यांचे, वडिलांच्या घराण्याचे लाँग बीच गावात मोठे दुकान होते आणि ते त्या गावाचे महापौरही झाले. १९२२ मध्ये लग्न होऊन त्या ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या मालकांच्या घरात आल्या. मालकाची पत्नी म्हणून समारंभांना मिरवण्यावर त्यांचे समाधान नव्हते. त्यांनी कंपनीच्या कारभारात प्रत्यक्ष काम केले, १९४८ मध्ये निघालेल्या ‘मिरर’ या दुसऱ्या दैनिकाच्या उभारणीत हात लावला आणि पुढे संचालक मंडळावरही त्या बसल्या. हिशेब वाचता येणे, माणसाकडून काम काढून घेणे आणि नकार पचवून पुन्हा त्याच दारात जाणे ही व्यवसायातली तिन्ही कौशल्ये त्यांना नंतर उपयोगी पडली.

१९५१ च्या उन्हाळ्यात त्या शहरातील ‘हॉलिवूड बोल’ हे खुले संगीतगृह हंगाम सुरू होताच पैशाअभावी बंद पडले. चँडलरबाईंनी समिती हाती घेतली, कलावंतांना विनामोबदला कार्यक्रम करायला राजी केले आणि संगीतगृह त्याच हंगामात पुन्हा सुरू झाले. त्यानंतर त्यांनी कायमस्वरूपी नाट्य-संगीत संकुलाचा विषय धरला. तो सोपा नव्हता. सार्वजनिक कर्ज काढून सभागृह बांधण्याचा प्रस्ताव मतदारांनी आधीच फेटाळलेला होता. तेव्हा १९५५ मध्ये एका हॉटेलात मेजवानी ठेवून, मोटारगाडीचा लिलाव करून त्यांनी एका रात्रीत चार लाख डॉलर जमवले आणि पुढची कित्येक वर्षे हाच उद्योग चालू ठेवला. शहरातील जुने धनिक घराणे आणि चित्रपटसृष्टीतील नवे, बहुतांशी ज्यू धनिक एकमेकांच्या क्लबातही जात नसत. बाईंनी दोघांकडूनही धनादेश घेतले. सामान्य नागरिकांकडून एकेक डॉलर जमवण्यासाठी कागदी पिशव्या फिरवल्या. अशी सुमारे दोन कोटी डॉलरची रक्कम उभी राहिली. जागा काउंटी शासनाने, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा पातळीच्या प्रशासनाने दिली आणि बांधकामाचा उरलेला खर्च रोख्यांतून उभा केला. मालकी शासनाची राहिली, कारभार मात्र स्वतंत्र संस्थेकडे गेला. ६ डिसेंबर १९६४ रोजी पहिले सभागृह खुले झाले, तेव्हा वाद्यवृंदाचे संचालन करणारा तरुण आपल्या मुंबईचा होता : झुबिन मेहता.

मंत्रिमहोदय, या मेहतांचीच एक गोष्ट दात्यांच्या स्तुतीत सहसा सांगितली जात नाही, ती आपण लक्षात घ्यावी. तिथल्या वाद्यवृंदाच्या संगीत संचालकपदी जॉर्ज शोल्टी यांची निवड झाली होती. मेहतांना सहायक म्हणून नेमताना चँडलरबाईंच्या मंडळाने शोल्टींना विचारलेसुद्धा नाही आणि १९६१ मध्ये शोल्टींनी राजीनामा दिला. मेहतांची नेमणूक पुढे उत्तम ठरली हे खरे. पण पैसे आणणाऱ्या व्यक्तीने कलेच्या कारभारात हात घातला की मानाचा माणूस कसा दुखावतो, याचा तो धडा आहे. दुसरी गोष्ट जागेची. ज्या बंकर हिल टेकडीवर हे संकुल उभे राहिले, तिथल्या भाड्याने राहणाऱ्या गरीब वस्तीला नागरी पुनर्विकासाच्या नावाखाली उठवले गेले होते. म्हणून लॉस एंजेलिसचा कित्ता जसाच्या तसा गिरवावा असे मी म्हणत नाही. त्यातील श्रमविभागणी तेवढी घ्यावी : जागा व मालकी शासनाची, पैसा दोघांचा, कारभार स्वतंत्र मंडळाचा, आणि रंगमंचावर काय व्हावे याचा निर्णय कलाक्षेत्रातील माणसांचा.

ही रीत आपल्याला परकी नाही. मुंबईत नरिमन पॉइंटवरील राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्र १९६९ मध्ये टाटा उद्योगसमूहाच्या पुढाकाराने स्थापन झाले आणि पुढे शासनाच्या जमिनीवर उभे राहिले. नागपुरात सीताबर्डीवरील धनवटे रंगमंदिर तर दात्याचे नाव घेऊनच उभे होते. विदर्भ साहित्य संघाचे ते घर. आज त्या जागी व्यापारी संकुलासह नवी इमारत आहे आणि ज्येष्ठ रसिक अजूनही त्या जुन्या रंगमंदिराचे नाव काढतात. त्यानंतर शहराच्या वाट्याला जी नाट्यगृहे आली, त्यांपैकी बहुतेक शासकीय वा महापालिकेच्या मालकीची आहेत. २०१७ मध्ये रेशीमबागेत खुले झालेले कविवर्य सुरेश भट सभागृह महापालिकेचे आहे. मोठे आणि वातानुकूलित सभागृह असणे शहराला भूषणावह आहे. पण दोन पात्रांचे प्रायोगिक नाटक तिथे करायचे म्हटले तर त्याचे भाडे हौशी संस्थेला परवडत नाही आणि समोरच्या रिकाम्या खुर्च्याच अंगावर येतात.

आता प्रत्यक्ष अडचण सांगते. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना चालवणाऱ्या एका उद्योजिकेने शहरातील एका सार्वजनिक नाट्यगृहाला नवा प्रकाश नियंत्रण संच आणि काही स्पॉट दिवे द्यायचे ठरवले. तरुण वयात तिने राज्य नाट्य स्पर्धेत कामे केलेली. प्रयोगाच्या ऐन मध्यावर दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणारा डिमर बंद पडतो तेव्हा नटाच्या पोटात काय होते, हे तिला ठाऊक होते. तिला संबंधित कार्यालयात पहिला प्रश्न विचारण्यात आला तो असा की, ही रक्कम कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे सरकारी हिशेबातल्या कोणत्या खात्यात जमा करायची. साहित्याच्या स्वरूपात देते म्हटले, तर वस्तू साठा नोंदवहीत कशी चढवायची आणि पुढे बिघडल्यास दुरुस्ती कोणी करायची, असे दोन प्रश्न आले. प्रश्न चुकीचे नव्हते, हे मी मुद्दाम सांगते. त्यांची उत्तरे देण्याचा अधिकार त्या टेबलावर कोणालाच नव्हता, हा खरा दोष. फाइल वर गेली ती परत आली नाही. त्या उद्योजिकेने त्या पैशांतून एका सेवाभावी संस्थेला रुग्णवाहिका दिली. चांगलेच केले, पण रंगमंच तसाच राहिला.

कायद्याची अडचण आहे म्हणावे, तर तसेही दिसत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची निव्वळ संपत्ती, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी कोणतीही मर्यादा ओलांडणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते आणि त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कला, संस्कृती व वारसा जतन यांचा स्पष्ट उल्लेख आहे. केंद्र शासनाने तर १९९६ मध्येच राष्ट्रीय सांस्कृतिक निधी स्थापन करून खासगी देणग्यांना वाट करून दिली. राज्याच्या पातळीवर, आणि त्यातही मुंबई-पुण्याबाहेर, ही वाट नाट्यगृहाच्या दारापर्यंत पोहोचलेली नाही.

म्हणून विनंती अशी की, नागपूरच्या सार्वजनिक नाट्यगृहांसाठी एक सांस्कृतिक विश्वस्त मंडळ आपल्या विभागाने शासन निर्णयाद्वारे स्थापन करावे. नागपूरकरांनी जमवलेल्या प्रत्येक रुपयामागे शासनाने एक रुपया घालावा. हजार रुपये देणाऱ्या निवृत्त शिक्षकाची पावती आणि लाखो देणाऱ्या कारखानदाराची पावती एकाच पुस्तकात फाटावी. मंडळावर उद्योजिका असाव्यात, कारण या शहरातील बचत गटांपासून कारखान्यांपर्यंत पैसा काटेकोर सांभाळणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत आणि सांस्कृतिक समित्यांवर त्यांना दीपप्रज्वलनापुरते बोलावले जाते. नाट्यप्रयोगांची निवड मात्र दात्यांच्या हाती देऊ नये. तिच्यासाठी रंगकर्मींची वेगळी समिती असावी आणि तिच्यावर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या रंगभूमीचाही माणूस असावा. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजच्या पट्ट्यात रात्ररात्र नाटके करणारी ती मंडळी तिकिटावर संसार चालवतात. प्रेक्षक कसा टिकवायचा हे नागपुरातल्या आम्हा स्पर्धावाल्यांपेक्षा त्यांना अधिक कळते. वर्षाअखेर जमाखर्च नाट्यगृहाच्या दर्शनी भागात लावावा, म्हणजे तिकीट काढायला आलेला माणूसही तो वाचू शकेल.

येत्या हिवाळी अधिवेशनात यावर आपल्या विभागाने निदान एक बैठक लावावी आणि तिला वित्त विभागाचा अधिकारी आवर्जून बोलवावा. लेखाशीर्षाचा प्रश्न त्याच टेबलावर सुटू शकतो.

आपली विश्वासू,
नागपूरची एक हौशी रंगकर्मी